मातुश्री जिजाऊसाहेब : दौलताबाद ते पाचाड

आपल्या मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या पूर्वजांपैकी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असा चिटणिसांचा निरोप आला, तेव्हा मातुश्री जिजाऊसाहेबांचे नाव प्रथम मनात आले आणि पाठोपाठ संकोचही वाटला. ज्यांच्या नावाचा जयघोष आपल्या प्रत्येक सभेच्या आरंभी होतो, ज्यांची तसबीर आपल्या बहुतेक घरांतून लावलेली असते, त्यांच्याविषयी मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या प्राथमिक शिक्षकाने नवीन ते काय लिहावयाचे?

परंतु चौथीच्या वर्गाला शिवचरित्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्या मनाला एक रुखरुख लागून राहिलेली असते. राज्याभिषेकाचा पाठ आला म्हणजे वर्गात मोठा उत्साह असे. सिंहासन, अष्टप्रधान, होन आणि शिवराई ही नाणी, नवा शक, हे सर्व सांगता सांगता तीन तास सहज जात. त्यानंतर बाराव्या दिवशी रायगडाच्या पायथ्याशी जे घडले, ते मात्र मी एका वाक्यात सांगून फळा पुसत असे. एका वर्षी एका मुलीने उभे राहून विचारले की, मग महाराज रडले का. मी काहीतरी उत्तर दिले. ते तिला पटले नाही, आणि खरे सांगावयाचे तर मलाही पटले नाही. त्या मुलीला द्यावयाचे राहिलेले उत्तर म्हणून हा लेख लिहीत आहे, असे वाचकांनी समजावे.

जिजाऊसाहेबांचा जन्म सिंदखेड येथे पौष पौर्णिमेस, म्हणजे १२ जानेवारी १५९८ रोजी झाला असे मानतात. पिता लखुजीराव जाधव हे सिंदखेडचे देशमुख व निजामशाहीतील मातबर सरदार होते. मातुश्रींचे नाव म्हाळसाबाई. हे जाधव घराणे आपली परंपरा देवगिरीच्या यादवांपर्यंत नेते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. सासर वेरूळच्या भोसल्यांचे. आपल्या शहरापासून वेरूळ सुमारे तीस किलोमीटर आणि त्याच वाटेवर दौलताबादचा किल्ला सुमारे पंधरा किलोमीटर. मालोजीराजे भोसले यांनी वेरूळच्या घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, शिखर शिंगणापूरला तळे बांधविले. मालोजीराजांचे थोरले चिरंजीव शहाजीराजे यांच्याशी जिजाऊसाहेबांचा विवाह झाला. रंगपंचमीच्या दिवशी दोघा मुलांनी एकमेकांवर रंग उधळला, लखुजीराव विनोदाने जोडा शोभतो असे बोलून गेले आणि मालोजीराजांनी तेच वाक्य धरून सोयरीक पक्की झाल्याचे सभेत जाहीर केले, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ती बखरकारांची कथा आहे. मला ती फार गोड वाटते, परंतु एवढ्या मोठ्या घराण्यांच्या सोयरिकी थट्टेतून जमत असतील असे वाटत नाही.

सोयरीक झाली खरी, पण दोन्ही घराण्यांत प्रेम फार दिवस टिकले नाही. निजामशाही दरबारातून सरदार बाहेर पडत असता खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला. त्याला आवरताना जी धांदल झाली, तिच्यातून जाधव व भोसले यांच्यात तलवारी निघाल्या. जिजाऊसाहेबांचे बंधू दत्ताजी जाधव हे शहाजीराजांचे चुलतबंधू संभाजी यांच्या हातून ठार झाले. पुत्राच्या मृत्यूने संतप्त होऊन लखुजीराव परतले व त्यांनी त्या संभाजीस ठार केले. त्या झटापटीत स्वतः शहाजीराजेही सासऱ्यांच्या हातून जखमी झाले. एका हत्तीच्या पायी एका घरचा मुलगा गेला, दुसऱ्या घरचाही गेला, आणि दोन्ही घरांतून जिचे सूतक होते अशी व्यक्ती एकच होती. आपल्या समाजात माहेर आणि सासर यांच्यात वितुष्ट आले म्हणजे ते कोणाला जड जाते, हे आपल्या भगिनींना सांगावयास नको. सासरी भावासाठी रडावयाचे तर दिराच्या घरचे समोर बसलेले. आणि दिरासाठी रडावयाचे तर त्याला मारणारा आपलाच बाप.

याहून मोठा घाव दौलताबादेस बसला. २५ जुलै १६२९ रोजी निजामशहाने लखुजीरावांस दरबारात बोलाविले. ते मुलांनातवांसह गेले. मुजरा करून परत फिरत असता दबा धरून बसलेल्या मारेकऱ्यांनी त्यांच्यावर घाला घातला. लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व रघोजी आणि नातू यशवंतराव असे चौघे एका वेळी कापले गेले. यादवांचे वंशज म्हणविणाऱ्या घराण्यातील तीन पिढ्या यादवांच्याच राजधानीत संपल्या. सिंदखेडराजास लखुजीरावांची भव्य समाधी आहे. मूळच्या त्या वाड्यात जन्मलेली कन्या मात्र त्या वेळी सासरी होती.

मी माझ्या नोकरीत अनेक वेळा मुलांच्या सहली घेऊन दौलताबादेस गेलो. चांद मिनार, चिनी महाल, मेंढा तोफ, अंधारी, खंदक, सर्व काही मुलांना दाखविले जाते. लखुजीराव येथे पडले हे सांगणारा वाटाड्या मला एकदाही भेटला नाही, म्हणून ते मीच सांगत असे. काही वर्षांपूर्वी मी मंडळाच्या कार्यकारिणीसमोर सूचना ठेवली होती की, २५ जुलैस आपण पाचपंचवीस माणसांनी तरी गडावर जाऊन यावे. त्या महिन्यात शाळा-कॉलेजांच्या प्रवेशाची धावपळ असते, या कारणाने ती पुढे ढकलली गेली. ती अजून पुढेच आहे.

तारखांकडे पाहावयाची मास्तरकीची सवय सुटत नाही. २५ जुलैनंतर सात महिने पुरे होण्यापूर्वीच, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. म्हणजे पित्याची व भावांची वार्ता कानी आली, तेव्हा हे बालक मातेच्या उदरात होते. शास्त्राने विवाहित कन्येस माहेरच्या मातापित्यांचे सूतक तीनच दिवसांचे सांगितले आहे. त्या तीन दिवसांनंतर जिजाऊसाहेबांनी काय केले, हे पुढील पंचेचाळीस वर्षांच्या इतिहासावरून दिसते.

शिवभारतकाराने सांगितले आहे की, जिजाऊसाहेबांस सहा पुत्र झाले आणि त्यांपैकी संभाजी व शिवाजी हे दोघेच वाढले. चार मुले गेली. एवढ्या मोठ्या इतिहासात ह्या चार मुलांना नावेसुद्धा नाहीत. पूर्वी आपल्या प्रत्येक घरात असे होत असे, म्हणून कोणी ते लिहून ठेवीत नसे. परंतु पाळण्याच्या चित्राकडे पाहताना हे रिकामे चार पाळणेही आठवावेत.

१६३० पासून दोन वर्षे दख्खनेत महाभयंकर दुष्काळ पडला. त्यातून निभावून पुढे पुण्याची उजाड झालेली जहागीर पुन्हा वसविणे, सोन्याचा फाळ लावून नांगर फिरविल्याची परंपरागत हकीकत, कसब्यातील गणपतीचे देऊळ, लाल महाल, न्यायनिवाडे, १६४० साली शिवाजीमहाराजांचा सईबाईसाहेबांशी विवाह, नंतर बंगळुरास शहाजीराजांकडे जाऊन काही काळाने पुण्यास परत येणे, हा भाग वाचकांच्या परिचयाचा असल्याने येथे विस्तार करीत नाही. शहाजीराजांनी मोहित्यांच्या तुकाबाईसाहेबांशी दुसरा विवाह केला होता व त्यांचे बिऱ्हाड कर्नाटकात होते. त्यामुळे जिजाऊसाहेबांचे उत्तर आयुष्य पतीपासून दूरच गेले. तरीही पतीवरील संकटे त्यांच्यापर्यंत पोहोचत. १६४८ साली जिंजीजवळ आदिलशाही सेनापतीने शहाजीराजांस कैद केले. ती इंग्रजी तारीखही २५ जुलैच होती. एकोणीस वर्षांपूर्वी त्याच तारखेला त्यांचे वडील गेले होते. तिथी अर्थातच वेगळी असणार, आणि त्या काळी आपल्याकडे तारीख पाहत कोणी नसे. तरी आज त्या दोन नोंदी शेजारी मांडल्या म्हणजे मन थोडे थबकते. पुढल्या वर्षी मे महिन्यात राजांची सुटका झाली.

थोरले पुत्र संभाजीराजे हे वडिलांजवळ कर्नाटकात असत. १६५५ च्या सुमारास कनकगिरीच्या वेढ्यात ते मारले गेले. ह्या मृत्यूस अफझलखानाचा दगा कारण झाला, असे परंपरा सांगते. चार वर्षांनी तोच खान धाकट्या पुत्रावर चालून आला, तेव्हा राजगडावरील मातेच्या मनात काय असेल, हे लिहिण्याची आवश्यकता नाही. त्याच १६५९ च्या सप्टेंबरात सईबाईसाहेब राजगडावर निवर्तल्या. सून गेली आणि तिचे दोन वर्षांचे मूल आजीच्या ओटीत आले. हे मूल म्हणजे छत्रपती संभाजीमहाराज. २०२३ साली आपल्या शहरास ज्यांचे नाव अधिकृतपणे देण्यात आले, त्यांना लहानाचे मोठे जिजाऊसाहेबांनी केले. साठी उलटलेल्या बाईने दोन वर्षांच्या आईवेगळ्या मुलाला वाढविणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी घडले असेल त्यांनाच कळेल. आणि हे करीत असता राज्याचे ओझेही खांद्यावर होतेच. पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला व महाराज आत अडकले, तेव्हा जिजाऊसाहेब स्वतः वेढा उठविण्यास निघाल्या होत्या आणि नेतोजी पालकरांनी त्यांची समजूत घातली, असे शिवभारतात आले आहे.

आता १६६४ सालाकडे येतो. माझ्या मते जिजाऊसाहेबांच्या चरित्रातील हा सर्वांत कठीण प्रसंग होय, आणि मराठी राज्याच्या इतिहासातीलही.

२३ जानेवारी १६६४ रोजी कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला. त्यांची समाधी तेथेच आहे. महाराज त्या सुमारास सुरतेच्या मोहिमेवरून परतत होते. वार्ता राजगडावर आली तेव्हा जिजाऊसाहेबांनी सती जाण्याचा निश्चय केला. त्या काळच्या राजघराण्यांची रीत पाहता त्यात अनपेक्षित असे काही नव्हते. घरातील कोणी त्यांस विरोध केला असता तर तोच लोकांस नवलाचा वाटला असता. महाराजांनी तो विरोध केला. बखरींत वर्णन आहे की, ते मातुश्रींच्या मांडीवर बसले, गळ्यास मिठी घातली आणि शपथ घालून म्हणाले की, आपला पराक्रम पाहावयास आता दुसरे कोणी उरले नाही, तेव्हा आपण जाऊ नये. चौतीस वर्षांचा, सुरत मारून आलेला पुरुष आईच्या मांडीवर जाऊन बसतो, हे चित्र आपल्या घरांत का लावीत नाहीत, हे मला समजत नाही. वर्गातील त्या मुलीला मी हाच प्रसंग सांगावयास हवा होता.

जिजाऊसाहेब राहिल्या. राहिल्या म्हणून पुढे काय झाले, ते पाहा. १६६५ च्या जानेवारीत सूर्यग्रहणाच्या पर्वावर महाबळेश्वर येथे महाराजांनी मातुश्रींची सुवर्णतुला केली. सोनोपंत डबीर ह्या वृद्ध सेवकाचीही त्याच वेळी तुला झाली. वैधव्य येऊन वर्ष भरत आले होते. विधवेने शुभकार्यात पुढे होऊ नये अशी ज्या समाजाची रीत, त्या समाजात राजाने आपल्या विधवा मातेस तुलेत बसविले. ही रीत आपल्यात आजही सर्वस्वी मोडलेली नाही. माझ्याच नात्यातील एका लग्नात नवरीच्या आजीला हळदीच्या वेळी खोलीत बसवून ठेवल्याचे मी पाहिले आहे, आणि त्याच मांडवाच्या दारावर जिजाऊसाहेबांचे मोठे चित्र लावलेले होते. असो.

पुरंदरचा तह झाला, तेवीस किल्ले गेले आणि ५ मार्च १६६६ रोजी महाराज आग्र्यास निघाले. बरोबर नऊ वर्षांचे संभाजीराजे. मागे राज्य कोणाच्या हवाली? मोरोपंत पिंगळे, निळो सोनदेव आदी कारभारी होते. परंतु ज्यांच्यापुढे सर्वांनी मान लवावी असे माणूस एकच होते, आणि ते अडुसष्ट वर्षांचे होते. दोन वर्षांपूर्वी चिता पेटली असती तर आग्र्याच्या त्या सहा महिन्यांत राजगडावर कोण असते? राज्य शिल्लक राहिले म्हणून महाराजांना परत येण्यास ठिकाण राहिले.

ह्या परतीच्या प्रवासातील एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. संभाजीराजांस वाटेत मथुरेस ठेवून महाराज पुढे आले, आणि मोगलांचा तपास थांबावा म्हणून पुत्र वाटेत निवर्तल्याची हूल उठविण्यात आली, असे सांगतात. तसे असेल तर ज्या आजीने खरी सूतके इतकी पाळली, तिच्या घरी हे एक खोटे सूतकही येऊन गेले. त्या वर्षाच्या अखेरीस नातू राजगडी सुखरूप पोहोचला.

पुढे पुन्हा मोहिमा सुरू झाल्या. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाणा परत आला आणि तानाजी मालुसरे गेले. त्यानंतर राजधानी रायगडावर आली. गडावरील थंड वारा वृद्धापकाळी मातुश्रींस मानवत नसे, म्हणून गडाच्या पायथ्याशी पाचाड येथे त्यांच्यासाठी वाडा बांधण्यात आला. वाड्याच्या भिंती, दगडी जोती व विहिरी आजही आहेत. त्यांपैकी एका विहिरीच्या काठी टेकून बसण्यासाठी घडविलेली दगडी बैठक असल्याने तिला तक्याची विहीर म्हणतात. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांतील बायका पाण्याला येत व जिजाऊसाहेब तेथे बसून त्यांची सुखदुःखे विचारीत, असे गावकरी सांगतात.

१६७४ साल उजाडले ते राज्याभिषेकाच्या तयारीनेच. परंतु त्या वर्षाच्या आरंभीचे महिने आनंदाचे नव्हते. २४ फेब्रुवारीस सरनोबत प्रतापराव गुजर नेसरीच्या खिंडीत सहा स्वारांसह पडले. १९ मार्चच्या सुमारास महाराजांच्या राणीसाहेब काशीबाई निवर्तल्या. काशीबाईसाहेब सिंदखेडच्या जाधवरावांच्या घराण्यातील, म्हणजे जिजाऊसाहेबांच्या माहेरच्या. दौलताबादेच्या घटनेनंतर जाधव आणि भोसले यांची तुटलेली गाठ ह्या विवाहाने पुन्हा बांधली गेली होती. मुहूर्त अडीच महिन्यांवर आला असता ती माहेरची लेक डोळ्यांदेखत गेली.

तरी तयारी थांबली नाही. काशीहून गागाभट्ट आले. गागाभट्टांस आपण काशीचे म्हणतो, पण त्यांच्या घराण्याचे मूळ आपल्या पैठणचे. त्यांचे पूर्वज रामेश्वरभट्ट हे पैठणहून काशीस गेले. वेरूळच्या भोसल्यांच्या वंशजास राज्याभिषेक करावयास पैठणच्या भट्टांचा वंशज आला, ही आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट असूनही येथल्या फार थोड्या लोकांस ठाऊक असते. २९ मे रोजी महाराजांची मुंज झाली. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन मे महिन्यातच रायगडच्या पायथ्याशी येऊन राहिला होता. त्याने सोहळ्याची हकीकत लिहून ठेवली. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजी महाराज सिंहासनावर बसले. सहा दिवसांनी इंग्रजांशी तह पुरा झाला आणि दुसऱ्या दिवशी वकील गड उतरला.

पाहुणे जात होते. मांडव उतरत होते. ज्येष्ठ वद्य नवमीस, १७ जून रोजी, पाचाडच्या वाड्यात जिजाऊसाहेबांनी देह ठेवला. राज्याभिषेकाचा दिवस धरून तो बारावा दिवस होता, वय शहात्तर. (ह्या तारखा त्या वेळच्या जुन्या इंग्रजी पंचांगाच्या आहेत. आजच्या पंचांगाने त्या दहा दिवस पुढे जातात. म्हणजे आपल्या हिशेबाने जून महिना संपत आला होता व कोकणात पावसाळा लागलेला होता.)

आनंदाच्या घरी असा प्रसंग आला म्हणजे काय होते, हे मी स्वतः पाहिले आहे. माझी आई गेली ती माझ्या धाकट्या भावाच्या मुलीच्या लग्नानंतर आठव्या दिवशी. दारावरील तोरण सुकलेले होते पण काढलेले नव्हते. भाड्याची भांडी मोजून परत करावयाची राहिली होती. समाचारास येणारे तेच, जे आठवड्यापूर्वी आहेर घेऊन आले होते. त्यांना काय बोलावे ते सुचेना आणि आम्हासही सुचेना. नातीचे लग्न पाहून गेली, सोने झाले, असे प्रत्येक जण म्हणे. ते खोटे नव्हते. पण मुलाला ते पहिल्या दिवशी ऐकवत नाही.

पाचाडला हेच घडले, फक्त घर छत्रपतींचे होते. धर्मशास्त्राने सिंहासनस्थ राजाला राजकार्यापुरते सूतक सांगितलेले नाही, कारण राजा दहा दिवस दूर बसला तर प्रजेने कोणाकडे पाहावयाचे? महाराजांना हे राजपद मिळून बारा दिवसही उलटले नव्हते. ज्या अभिषेकाने त्यांना सूतकातून मोकळे केले, त्यानंतर पहिले सूतक आले ते आईचे. पाचाडलाच मातुश्रींचे दहन झाले व समाधी उभी राहिली. राज्याचा गाडा चालू राहिला. महिन्याभरातच, जुलैमध्ये, मराठी फौजेने भीमाकाठच्या पेडगाव येथील मोगल सुभेदार बहादूरखानाच्या छावणीवर छापा घातला व सुमारे एक कोटी रुपयांचा खजिना आणि दोनशे घोडे आणले. पुष्कळ चरित्रकार ह्या मोहिमेचे कौतुक राज्याभिषेकाचा खर्च भरून काढल्याबद्दल करतात. ते योग्यच आहे. मला मात्र ही मोहीम वाचताना आठवते की, ज्या घरातून तिचा हुकूम सुटला त्या घरात अद्याप मासिक श्राद्धे चालू असतील.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. निश्चलपुरी गोसावी नावाचे एक तांत्रिक पंथाचे साधू होते. त्यांनी असे प्रतिपादन केले की, गागाभट्टांनी केलेल्या वैदिक विधीत उणिवा राहिल्या, देवता असंतुष्ट राहिल्या आणि म्हणून अपशकुन घडले. त्या अपशकुनांच्या यादीत मातुश्रींचा मृत्यूही होता. त्यांच्या सांगण्यावरून २४ सप्टेंबर १६७४ रोजी, आश्विन शुद्ध पंचमीस, महाराजांनी दुसरा, तांत्रिक पद्धतीचा राज्याभिषेक करवून घेतला. शहात्तर वर्षांच्या वृद्धेच्या मृत्यूस अपशकुन म्हणणे मला पटत नाही. ज्या बाईने बाप, चार भाऊ-भाचे, चार तान्ही मुले, एक कर्ता मुलगा, नवरा, आणि दोन सुना पोचविल्या, ती धाकट्या मुलाला सिंहासनावर पाहून गेली, तर ह्यात अशुभ ते काय? महाराजांस हे कळत नसेल असे मानावयास मी तयार नाही. त्या दुसऱ्या विधीस राजकीय कारणे होती असे जाणकार म्हणतात, सर्व पंथांच्या प्रजेस सामावून घेण्याचा हेतू होता असेही म्हणतात. असेलही. परंतु आई गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, आपल्या हातून काही राहून गेले का, असा प्रश्न मुलाला पडतो. औषध बदलले असते तर, त्या दिवशी आपण घरी असतो तर, असे वाटत राहते. आणि अशा वेळी कोणी येऊन सांगितले की अमुक एक करा म्हणजे दोष जाईल, तर शहाणा माणूसही ते करतो. मी केलेले आहे. म्हणून त्या सप्टेंबरातील विधीकडे पाहताना मला राजापेक्षा मुलगा अधिक दिसतो.

त्यानंतर महाराज सहा वर्षेही जगले नाहीत. दक्षिण दिग्विजय झाला, जिंजी घेतली, आणि ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. आजीच्या ओटीत वाढलेले संभाजीराजे त्या वेळी पन्हाळ्यास होते.

रायगड मी प्रथम पाहिला तो नोकरीत असताना, शिक्षकांच्या सहलीत. पहाटे महाडहून निघून गड चढलो, जगदीश्वर, समाधी, टकमक, बाजारपेठ पाहिली आणि उतरून तडक गाडी धरली. पाचाड वाटेत होते. तेथे आम्ही चहा प्यालो. समाधी पाचसात मिनिटांच्या अंतरावर आहे, हे ठाऊक असूनही कोणी गेले नाही, मीही गेलो नाही.

दुसऱ्यांदा गेलो तो आईचे वर्षश्राद्ध झाल्यावर, पत्नी व नात यांना घेऊन. गडावर ती दोघी दोरमार्गाने जाऊन आल्या. गुडघ्यांमुळे मी खालीच राहिलो आणि तो सारा वेळ पाचाडला काढला. समाधीच्या आवारात सावली आहे, गर्दी नव्हती. झाडणारी एक म्हातारी होती. मी कोठून आलो असे तिने विचारले. मी आपल्या शहराचे नवे नाव सांगितले, तेव्हा तिने मान हलविली आणि मला पायरीवर बसावयास सांगितले. नंतर वाड्याच्या जोत्यांवरून फिरलो. पावसाने धुतलेल्या त्या दगडी चौकात उभे राहिले म्हणजे रायगडचा कडा डोळ्यांसमोर येतो, गडावरचे मात्र काही दिसत नाही. संध्याकाळी नात उतरून आली ती तक्याच्या विहिरीपाशी. तिने त्या दगडी बैठकीला टेकून बसून पाहिले, आपल्याला ती मोठी होते असे म्हणाली, आणि आम्ही महाडच्या गाडीसाठी नाक्यावर आलो.